ऑडिटचे आक्षेप: 'पूर्तता केली' म्हणजे नक्की काय केलं?

जात्यावरची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

सातारा जिल्ह्यातल्या एका नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत मी सदस्य आहे. गेल्या वर्षी ऑडिटवाले आले, तीन दिवस दप्तर बघितलं, पुढे टिपणी आली. एकोणीस आक्षेप. मासिक सभेत ग्रामसेवक भाऊसाहेबांनी (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण तोंडात जुनंच बसलंय) वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर सरपंच म्हणाले, "वाचलं असं समजू." चहा आला. इतिवृत्तात ओळ पडली: 'सविस्तर चर्चा होऊन पूर्तता करण्याचे सर्वानुमते ठरले.' कोणी करायची, कधी, कशाची, काही नाही.

मी जरा आवाज केला. तेव्हा पुढच्या सभेत ठराव होऊन तीन सदस्यांची एक समिती झाली: मी, आमचे एक अण्णा आणि एक तरुण सदस्य, ज्याचा बहुतेक वेळ मोबाइलात जातो. समितीची पहिली बैठक कार्यालयातल्या कपाटासमोर सतरंजीवर झाली. मागच्या चार वर्षांच्या टिपण्या काढून शेजारी शेजारी मांडल्या. वरचं वर्ष झाकलं तर कुठली कुठली हे ओळखता येणार नाही! साठा नोंदवहीत नोंद नाही, कामगार उपकर कापला नाही, दिव्यांगांचा ५ टक्के निधी खर्च नाही, कामाच्या बिलासोबत मोजमाप पुस्तिकेची प्रत नाही. आणि आपली उत्तरं? 'यापुढे दक्षता घेण्यात येईल.' एकोणीसपैकी अकरा आक्षेपांना हेच उत्तर. दक्षता दरवर्षी पुढच्या वर्षापासून सुरू होते.

एक नमुना सांगते. ४० एलईडी पथदिवे खरेदी केले, साठा नोंदवहीत नोंद नाही, असा आक्षेप. आपलं उत्तर: 'नोंद घेण्यात आली आहे.' नोंदवही उघडली तर नोंद खरंच आहे, निळ्या शाईत, ताजी. पण दिवे कुठे आहेत हे कोणी बघितलं का, असं मी विचारलं तर अण्णा म्हणाले, "ऑडिटनं दिवे कुठे मागितलेत? नोंद मागितली, दिली."

तर प्रश्न असा. असल्या पाठपुराव्याची नोंद तुम्ही कशी ठेवता? मी सध्या शंभर पानी वही केली आहे. आक्षेप, कोणी करायचं, कधीपर्यंत आणि काय झालं, असे चार रकाने. चौथा रकाना कधी भरायचा यावरच आमची भांडणं होतात. पंचायत, पालिका, सोसायटी, कुठलाही अनुभव चालेल.

कोपऱ्यातला

जागा पकडून ठेवतो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

हिरवी शाई

ताई, जुने दिवस आठवले. स्थानिक निधी लेखापरीक्षेत तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी एसटीत.

आधी एक चूक दुरुस्त करतो, रागावू नका. तुम्ही वही केलीत ते चांगलंच, पण ती वही सरकारनं तुम्हाला आधीच देऊन ठेवली आहे. ग्रामपंचायत लेखासंहिता नियम, २०११ मध्ये ३३ नमुने आहेत. नमुना ८ आणि ९ सगळ्यांना माहीत, कारण घरपट्टी तिथे. नमुना २७ म्हणजे आक्षेपांच्या पूर्ततेचं मासिक विवरण. मासिक, ताई! दर महिन्याला. आणि नमुना ३० म्हणजे आक्षेप पूर्ततेची नोंदवही, ती कायम तुमच्या दप्तरात राहते. मी जितक्या पंचायती तपासल्या त्यात नमुना ३० मागितला की हमखास दोन उत्तरं मिळायची: 'बायंडिंगला दिलाय' किंवा 'आधीच्या भाऊसाहेबांकडे राहिला.'

आता आक्षेप जन्माला कसा येतो ते बघा, म्हणजे मारायचा कुठे ते कळेल. ऑडिट चालू असतानाच आम्ही अर्धसमास पत्र देतो. कागदाला मधोमध उभी घडी. डावीकडे आमचा प्रश्न, उजवी बाजू तुमच्या उत्तरासाठी कोरी. पुष्कळसे प्रश्न त्या कोऱ्या बाजूवरच मिटण्यासारखे असतात. प्रमाणक (खर्चाचं व्हाउचर) कपाटात असतं, काढून दाखवायचं एवढंच. पण कागद तसाच कोरा परत यायचा, नाहीतर 'नंतर दाखवण्यात येईल' असं लिहून. मग तोच प्रश्न टिपणीत छापला जातो आणि दहा मिनिटांच्या कामाला दहा वर्षं लागतात. त्यामुळे तुमच्या समितीची खरी बैठक टिपणी आल्यावर नको, ऑडिट गावात असताना संध्याकाळी हवी. आज किती अर्धसमास आले, उद्या सकाळी कोण काय काढून देणार.

तुमच्या चौथ्या रकान्याच्या भांडणाबद्दल. 'पूर्तता सादर' आणि 'आक्षेप वगळला' हे दोन वेगळे दिवस आहेत. तुम्ही उत्तर लिहिलं, पंचायत समितीत दिलं, हा पहिला दिवस. लेखापरीक्षेनं ते बघून 'मान्य' म्हटलं, हा दुसरा. मधे महिने जातात. बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशीच 'निकाली' लिहून टाकतात. तुम्ही दोन्हींना वेगळे रकाने करा, जावक क्रमांकासकट. निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

जात्यावरची

काका, धन्यवाद. आज सकाळी कपाट उपसलं. नमुना ३० सापडला! बायंडिंग मजबूत, पहिल्या पानावर दाखला: 'या नोंदवहीत १ ते १०० पाने आहेत', खाली सही, शिक्का. पानं मोजली, बरोबर शंभर. शंभरही कोरी.

कोपऱ्यातला

=)) शंभर पानांची दक्षता.

दोन गावांचा भाऊसाहेब

हसू आलं पण थोडं टोचलंही. मी ग्रामसेवक. दोन गावांचा कार्यभार आहे, मधे आठ महिने तीन गावांचा होता. इथली मंडळी मासिक सभेतून बोलतात, मी टेबलाच्या पलीकडून बोलतो.

बदली झाली की कार्यभाराची यादी होते. कपाटं तीन, खुर्च्या बारा, नोंदवह्या इतक्या. 'प्रलंबित आक्षेप इतके' ही ओळ त्या यादीत मी आजवर एकदाच बघितली, तीही मीच लिहिलेली. नवीन माणूस येतो, त्याला आधीच्याचं पाप कळतं ते वरून कोणी विचारल्यावर. आणि वरून विचारतात कधी? पीआरसी येणार म्हटल्यावर. विधिमंडळाची पंचायती राज समिती जिल्ह्यात येणार अशी नुसती बातमी आली की आठ दिवस पंचायत समितीत रात्री बारापर्यंत झेरॉक्स चालू. समिती गेली की पुन्हा सामसूम.

दुसरं म्हणजे जुनाट आक्षेप. एका गावात मला २८४ रुपयांचा वसूलपात्र आक्षेप मिळाला, वीस-बावीस वर्षांपूर्वीचा. ज्यांच्याकडून वसूल करायचे ते निवृत्त होऊन वारलेही. त्या २८४ रुपयांवर झालेला पत्रव्यवहार एका फायलीत मावत नव्हता. शेवटी मी खिशातून भरले, सामान्य पावती फाडली, पावतीची प्रत जोडून पाठवली. आक्षेप गेला. नियमात बसतं का माहीत नाही.

तेव्हा ताई, वही ठेवाच, पण 'कोणी करायचं' या रकान्यात माझं नाव लिहू नका. पद लिहा. मी उद्या असेन नसेन.

हिरवी शाई

भाऊसाहेब, खिशातून भरणं नियमात बसत नाही असं मी इथे म्हणणार नाही. तसली पावती बघून मीही मान डोलावलेली आहे.

पद लिहा ही सूचना सोळा आणे खरी. त्यापुढे एक: पदासोबत कागदाचं नावही लिहा. 'वसुली करणे' असं नको, 'पावती क्रमांक व बँकेत भरणा तारीख' असं लिहा. उपकराचं असेल तर चलन. साठ्याचं असेल तर नोंदवहीचं पान आणि प्रत्यक्ष मोजणीचा दिनांक. आक्षेप बंद करायला कुठला कागद लागेल हे सुरुवातीलाच ठरलं की मग 'दक्षता घेण्यात येईल' लिहायला जागाच उरत नाही. दक्षतेचं चलन निघत नाही.

वसूलपात्र

मूळ धाग्याला धरून नाही, तरी सांगतो. आमच्या तालुक्याच्या गावी निवडणुकीत एका पॅनलने फ्लेक्स लावला होता: 'ऑडिटमध्ये सिद्ध झालेला ४१ लाखांचा भ्रष्टाचार'. मी ती टिपणी माहितीच्या अधिकारात काढली. ४१ लाख ही 'आक्षेपाधीन रक्कम' होती. म्हणजे एका रस्त्याचं अख्खं बिल, कारण त्याला तांत्रिक मान्यतेची प्रत जोडलेली नव्हती. वसूलपात्र रक्कम होती सहा हजार आणि काही. फ्लेक्सवर सहा हजार शोभत नाहीत म्हणा!

असल्या भानगडींमुळे सदस्य आक्षेपांची यादी बाहेर काढायला घाबरतात. ताईंच्या सरपंचांनी 'वाचलं असं समजू' म्हटलं त्यात चोरीच असेल असं नाही. भीतीही असेल.

कोपऱ्यातला

वसूलपात्र, तुम्ही फारच भोळे. आक्षेप मिटवायची इच्छा कोणालाच नसते. सत्ताधाऱ्यांना तो झाकायचा असतो, विरोधकांना पुढच्या निवडणुकीपर्यंत मुरवायचा असतो. लोणचं आहे ते. ताई वही लिहितील, पुढच्या वेळी त्यांचा वॉर्ड राखीव होईल, वही रद्दीत.

जात्यावरची

कोपऱ्यातले भाऊ, वॉर्ड राखीव झालाच तर वही नमुना ३० मध्ये उतरवून जाईन. तो रद्दीत घालायला दाखला लागतो. :)

वसूलपात्र यांचं मात्र पटलं. आमच्या वहीत आता रकमेचे तीन रकाने केलेत: आक्षेपाधीन, वसूलपात्र आणि प्रत्यक्ष वसूल. अण्णांनी ते बघितल्यावर पहिल्यांदा वहीत रस घेतला. त्यांच्या काळातल्या एका समाजमंदिराचं सगळं बिल पहिल्या रकान्यात आहे आणि दुसऱ्यात शून्य. इतकी वर्षं गाव त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघत होतं ते त्या शून्यानं मिटलं, असं स्वतःच म्हणाले.

थेम्सकाठचा

मी इंग्लंडमध्ये एका स्थानिक कौन्सिलच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागात काम करतो, मूळचा कराडचा. इथे बहुतेक कौन्सिलांत स्वतंत्र ऑडिट समिती असते आणि तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर 'मागील बैठकीतील कृतींची नोंद' हा ठरलेला विषय असतो. ताईंच्या वहीसारखाच तक्ता: कृती, अधिकाऱ्याचं पद, मुदत, हिरवा-पिवळा-लाल रंग.

पण रंगांवर फार भाळू नका. लंडनमधल्या क्रॉयडनचं उदाहरण इथे सगळ्यांना पाठ आहे. ऑडिट समिती होती, तपासणी समिती होती, ऑडिटरांचे इशारे होते. तरी ऑक्टोबर २०२० मध्ये बाहेरच्या ऑडिटरांना जनहितार्थ जाहीर अहवाल काढावा लागला, आणि नोव्हेंबरात कौन्सिलनं कलम ११४ ची नोटीस दिली. आपल्या भाषेत सांगायचं तर खर्चाला कुलूप. त्या अहवालात 'सामूहिक आंधळेपणा' अशा अर्थाचा शब्द आहे. समित्या भरत होत्या, कागद फिरत होते, पण 'मागच्या वेळी सांगितलेलं झालं का' हे कोणी नेटानं विचारत नव्हतं.

आमच्याकडे एक पद्धत चांगली आहे ती सांगतो. तक्त्यातली मुदत बदलायची तर अधिकाऱ्यानं परस्पर बदलायची नाही. समितीपुढे उभं राहून कारण सांगायचं, आणि जुनी तारीख खोडायची नाही, तिच्याखाली नवी लिहायची. एका ओळीत तीन तारखा दिसायला लागल्या की अध्यक्ष आपोआप चष्मा सरसावतात. आणि कृती बंद झाली हे ती करणाऱ्यानं म्हणायचं नाही, समितीनं म्हणायचं.

हिरवी शाई

जुनी तारीख खोडायची नाही, हे फार आवडलं. आमच्या किर्दीतही खाडाखोड चालत नाही, खोडलंच तर सही लागते. आक्षेपाच्या मुदतीला तोच नियम का नसावा!

पालिकेतला बाबू

नगरपरिषदेत लेखा विभागात आहे, थोडक्यात लिहितो. आमच्याकडे मुदत संपून प्रशासक बसले आणि ठराव करणारे, खर्च करणारे, पूर्तता बघणारे सगळे एकच झाले. सभेत विचारणारा सदस्यच नव्हता, तर तक्ता कोणापुढे ठेवायचा? मुंबईसह मोठ्या महापालिकांतही २०२२ पासून बराच काळ हेच होतं. मुख्य लेखापरीक्षकानं अहवाल द्यायचा तो स्थायी समितीला, आणि समितीच नव्हती.

ताई, तुमच्याकडे वित्त आयोगाचा निधी असेल तर 'ऑडिट-ऑनलाइन' हे संकेतस्थळ बघून ठेवा. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयानं २०२० मध्ये सुरू केलेलं आहे. पंधराव्या वित्त आयोगानं लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन असण्याची अट घातल्यामुळे तिथे टाळाटाळ कमी चालते. आक्षेपावर काय कार्यवाही केली तेही त्यात भरायची सोय आहे. तुमची वही आणि तिथलं जुळतंय का ते एकदा ताडून बघा. मोबाइलात असलेला तुमचा तो तरुण सदस्य कामी येईल.

जात्यावरची

लावलाय कामाला. दोन आक्षेपांवर तिथे 'कार्यवाही पूर्ण' दिसतंय आणि आमच्या दप्तरात कागद सापडत नाही. आमच्या भाऊसाहेबांना विचारलंय. ते म्हणाले, "बघतो." तारीख लिहून ठेवली.

एक प्रश्न राहिला. हे सगळं गावापुढे न्यायला काही आधार आहे का? सरपंच म्हणतात टिपणी हा पंचायतीचा अंतर्गत कागद आहे.

हिरवी शाई

अंतर्गत कसला! महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८, कलम ८ काढा. आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे काय काय ठेवायचं त्याची यादी आहे. वार्षिक हिशेब, मागच्या वर्षाचा प्रशासन अहवाल, चालू वर्षाची नियोजित कामं, आणि त्याच यादीत शेवटची लेखापरीक्षा टिपणी व तिला दिलेली उत्तरं. नुसती टिपणी नाही ताई, उत्तरंही. 'दक्षता घेण्यात येईल' हे अकरा वेळा माइकवरून वाचायला सांगा एकदा. सहाव्या वेळेला गाव हसायला लागेल, आठव्याला कोणीतरी उभं राहील.

दोन गावांचा भाऊसाहेब

आणि वाचणारा मीच असणार. काका, जरा दया करा.

बरं, एक कबूल करतो. ताईंचं वाचून मी माझ्या दोन्ही गावांत मासिक सभेच्या विषयपत्रिकेत बदल केला. 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' याच्या लगेच खाली 'प्रलंबित आक्षेप' हा विषय घेतला. आधी तो 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' याच्याही नंतर यायचा, म्हणजे यायचाच नाही. पहिल्या महिन्यात दोन आक्षेपांचे कागद मिळाले. एक मोजमाप पुस्तिका शाखा अभियंत्यांच्या टेबलात होती, दीड वर्ष. मागितली नव्हती म्हणून दिली नव्हती.

जात्यावरची

शेवटचं अपडेट, पथदिव्यांचं.

नोंद आहे, दिवे कुठे आहेत, हे डोक्यातून जाईना. परवा रात्री जेवणं उरकल्यावर पंचायतीचे शिपाईमामा, तो तरुण सदस्य आणि मी, तिघं मोजायला निघालो. खालच्या आळीपासून सुरुवात. प्रत्येक खांबाखाली थांबायचं, मामा दिवा ओळखायचे (आधीचे पिवळे, हे पांढरे, वर पंचायतीचं नाव रंगवलेलं), मी वहीत रेघ मारायची. कुत्री मागे लागली. मारुतीच्या पारावर बसलेल्यांनी विचारलं, "काय, लाईट गेली का?" म्हटलं, "नाही, मोजतोय." त्यांना ते काही पटलं नाही.

खांबांवर ३७. कार्यालयाच्या मागच्या खोलीत खोक्यात २. एक कमी. पुन्हा मोजलं, तेच. मामा जरा घुटमळले आणि म्हणाले, "ताई, एक मला ठावं हाय, पण तो मोजायचा का?"

म्हटलं, मोजायचा. कुठाय?

"तुमच्याच परड्यात की. म्हशींच्या दावणीवर. तुमच्या मामंजींनी दिवाळीत लावून घेतला न्हाई का?"

रोज पहाटे त्याच उजेडात धार काढते मी. पंचायतीचं नावही आहे त्यावर, फक्त भिंतीकडच्या बाजूला.

वहीत लिहिलं. काय करायचं: दिवा काढून खालच्या आळीच्या शेवटच्या खांबावर लावणे. कोणी: पदाचा रकाना होता, तिथे 'सदस्य, वॉर्ड क्र. २' म्हणजे मीच. मुदत: पुढची मासिक सभा. मामंजी कालपासून ताटावर बसले की बोलत नाहीत.

हिरवी शाई

लावलात की खांब क्रमांकही लिहा ताई.